बांधाचा अर्धा मीटर

श्रीपत ओव्हाळ गुरुजींनी उभ्या नोकरीत एकाही पोराच्या गणितावर फुली मारली नाही. फुली मारायला काय लागतं हो? तांबडी पेन्सिल घ्यायची, शेवटचं उत्तर बघायचं, ओढायच्या दोन रेघा की चालला मास्तर चहाला. गुरुजींना ते जमायचं नाही. ते गणित वरून खाली वाचत यायचे आणि जिथं पोराचा पाय घसरला असेल तिथं एक बारीक गोल काढायचे. मग त्या पोराला खुर्चीजवळ बोलवायचं आणि एवढंच विचारायचं, "हे कसं केलंस ते सांग."

पोरगं सांगेपर्यंत गुरुजी गप्प. पोरगं रडकुंडीला आलं तरी गप्प. वर्गात बाकीची पोरं दंगा करोत, हेडगुरुजी दारातून डोकावून कपाळाला हात लावोत, गुरुजींचा कान त्या पोराच्या तोंडाशी. वार्षिक परीक्षेलासुद्धा हीच तऱ्हा. अर्धे गुण कागदाला, अर्धे सांगण्याला. त्यामुळं सगळ्या शाळेचा निकाल तयार व्हायचा आणि गुरुजींचा गणिताचा पेपर तेवढा तुंबलेला असायचा. हेडगुरुजी वैतागायचे, "अहो ओव्हाळ, तुम्ही परीक्षा घेताय की जबान्या घेताय?" गुरुजी म्हणायचे, "हेडगुरुजी, चुकलं हे दिसतंयच की. का चुकलं ते पोराच्याच पोटात असतं. ते काढल्याबिगर मार्क कसे देऊ?"

एकदा नागूनं बावन्नातून अडतीस वजा करून सव्वीस उत्तर आणलं. दुसऱ्या कुणी मास्तरानं कान पिळून मोकळा केला असता. गुरुजींनी विचारलं, "कसं केलंस?" नागू म्हणाला, "दोनातून आठ जात नाय, म्हनून आठातून दोन काढलं. मोठ्यातनंच काढायचं ना, गुर्जी?" गुरुजी म्हणाले, "अरे, शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा की." तर नागू मान हलवून म्हणतो, "आय म्हनते कोणाकडं उसनं मागायचं नाय." गुरुजी पोट धरून हसले. पण नागूला वजाबाकी येत नाही असं त्यांनी त्या दिवसानंतर कधी म्हटलं नाही. वजाबाकी येत होती, उसनं घेणं तेवढं राहिलं होतं, आणि ते दुपारपर्यंत शिकवून झालं. चूक शिळी होऊ द्यायची नाही, ज्या दिवशी सापडली त्याच दिवशी निस्तरायची, असा त्यांचा हट्टच होता.

गुरुजी मूळचे दहिवलीचे. वडील रेल्वेत गँगमन. पोराला त्यांनी फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकवलं, पोरानं ट्रेनिंग केलं आणि चोपन्न साली कोनवलीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालं. छप्पन साली घरच्यांबरोबर त्यांनी धम्मदीक्षा घेतली. कोनवली म्हणजे कर्जत आणि खालापूरच्या मध्ये डोंगराच्या पायथ्याचं भाताचं गाव. पहिली काही वर्षं गावात गुरुजींना पाणी वरून ओंजळीत मिळायचं. गुरुजींनी त्यावर भांडण केलं नाही आणि विसरलेही नाहीत. पुढं पोरं फायनल पास व्हायला लागली, कुणी रेल्वेत चिकटलं, कुणी रसायनीच्या कारखान्यात लागलं, आणि एक दिवस तांब्या सरळ हातात आला. चंद्रभागाबाई, म्हणजे गुरुजींची मालकीण, म्हणायच्या, "तांब्या काय तुमाला दिला? तुमच्या निकालाला दिला." गुरुजी हसून म्हणायचे, "मग निकाल सांभाळला पायजे."

ही गोष्ट सदुसष्ट सालची. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता आणि सातवीची परीक्षा बाहेरची असायची. पेपर बाहेरून यायचे, पोरांनी कर्जतच्या केंद्रावर जाऊन लिहायचे, तपासणारा कुणी तिसऱ्याच तालुक्यातला. तिथं गुरुजींचा गोलही नाही आणि 'कसं केलंस'ही नाही. त्या साली कोनवलीची सहा पोरं बसली होती आणि त्यांतली एक जिजा.

जिजा वरच्या ठाकरवाडीची, डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतली. वाडीतून सातवीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. हाडापेरानं किरकोळ, बोलायला कमी. तिची एक अडचण होती. वाडीची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी. त्यामुळं गणित वाचायलाच तिला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागायचा. एकेक शब्द तोंडात घोळवायची, समजून घ्यायची आणि मग सोडवायची. दहा गणितं दिली तर सहाच व्हायची, पण त्या सहांत गोल काढायला गुरुजींना जागा मिळायची नाही.

सहावीत असतानाच तिचा बाप शुक्रा तिला काढून न्यायला आला होता. रसायनीला कारखान्यांची बांधकामं जोरात होती, खडी वाहायला बाया लागायच्या, मुकादम वाडीत येऊन माणसं ठरवून जायचा. गुरुजींनी शुक्राला ओट्यावर बसवला, विडी दिली आणि तासभर घासाघीस केली. शेवटी शुक्रा उठला. "ठीक हाय. तुमी म्हनता तर सातवीपातुर ठेवतो. पास झाली तर शिकू दे पुढं, होश्टेलात घाला नायतर कुठं घाला. नापास झाली तर माझ्यासंगं रसायनीला. बोल दिला तुमाला." गुरुजी म्हणाले, "दिलास ना? झालं तर मग." त्यांना जिजाच्या नापास होण्याची भीती नव्हतीच. बाकीच्या पाचांसाठी ते काळजी करायचे, तिच्यासाठी नाही.

मे महिन्यात सगळ्या शाळांचे निकाल लागले आणि कोनवलीचा तेवढा राखून ठेवला. का, तर गणिताच्या पेपरात कॉपी.

गुरुजी तसेच उठले. सदरा घातला, छत्री उचलली आणि तडक तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथं नाखरे नावाचे विस्तार अधिकारी होते. शाळा तपासायचं काम त्यांच्याकडं. माणूस कोरडा, पण वाकडा नव्हे. त्यांनी सहाच्या सहा उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या. "बघा तुम्हीच. एका आयताकृती शेताची लांबी साठ मीटर, रुंदी चाळीस मीटर, तर क्षेत्रफळ किती? साधं गणित. साठ गुणिले चाळीस, चोवीसशे. आणि तुमच्या सहाही मुलांनी लिहिलंय तेवीसशे एक. बरोबर उत्तर सहा जणांचं सारखं येईल हो. चुकीचं उत्तर सारखं कसं येतं? एकानं चुकवलं, पाचांनी उतरवलं. परीक्षकानं तसा शेरा मारलाय."

शेजारच्या टेबलावरचा कारकून फायलीत तोंड खुपसून पुटपुटला, "मास्तरच तसला म्हटल्यावर पोरं कशी असणार?" हळू बोलला, पण ऐकू जाईल इतपत. गुरुजींच्या मस्तकात तिडीक गेली. पण भांडायला आपण आलो नाही, पोरांसाठी आलोय, असं मनाला सांगून त्यांनी ती गिळली आणि मान खाली घालून उत्तरपत्रिका वाचायला घेतली, नेहमीसारखी वरून खाली.

एकोणसाठ गुणिले एकोणचाळीस. दुसऱ्या पेपरात एकोणसाठ गुणिले एकोणचाळीस. तिसऱ्यातही तेच.

गुरुजींनी कपाळावर हात मारला आणि एकदम मोठ्यानं हसले. नाखरे दचकले. "हसताय काय?"

"साहेब, पोरं अगदी बरोबर चुकलीत हो! हा बांध आहे. पोरांनी बांध सोडलाय."

आता हा बांध काय ते सांगायला हवं. कोनवलीच्या शाळेला गावानं भाताचा एक तुकडा दिला होता, शेतीच्या तासासाठी. गुरुजी क्षेत्रफळ फळ्यावर शिकवायचे नाहीत, त्या तुकड्यात शिकवायचे. पावसाळ्यात पोरं दोरी घेऊन चिखलात उतरायची, लांबी-रुंदी मोजायची, मग आवण किती लागेल याचा हिशोब. आवण म्हणजे भाताची रोपं. पहिल्या वर्षी पोरांनी पूर्ण मापाचा हिशोब केला आणि आवण उरलं. तेव्हा गुरुजी ओरडले होते, "अरे, बांधावर भात लावता काय रं? चारी बाजूंचा अर्धा अर्धा मीटर बांध आधी सोडा!" म्हणजे लांबीतून एक गेला, रुंदीतून एक गेला. दरवर्षी तेच. पोरांच्या हाडात इतकं भिनलं, की शेत म्हटलं की ती मनातल्या मनात एक वजा करूनच पुढं जायची. कर्जतच्या बाकावर बसून साठ बाय चाळीसचं शेत वाचलं आणि सहाही जणांनी निमूट बांध सोडला. घराच्या अंगणाचं गणित असतं तर एकही चुकला नसता.

गुरुजींनी हे सगळं सांगितलं. नाखऱ्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "ओव्हाळ, गोष्ट छान आहे. पण असं तुम्ही म्हणणारच. मला पुरावा हवा. मी पुढच्या आठवड्यात कोनवलीला येतो. सहाही मुलं वेगवेगळ्या जागी बसवतो, माझी माणसं लक्ष ठेवतील. शेताचंच गणित घालतो. एकमेकांचं न बघता त्यांनी पुन्हा हीच चूक केली, तर कॉपी नाही हे मी लिहून देईन. बरोबर सोडवलं, तर मात्र मला म्हणावं लागेल की त्यांना येत होतं आणि तेव्हा उतरवलं."

"म्हणजे पोरं सुटायला पोरांनी चुकायला पायजे?"

"हो. आणि तोवर तुम्ही त्यांना या गणिताबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलंत तर मला कळणार नाही कदाचित. पण तुम्हाला तर कळेल."

आली का पंचाईत! ज्या माणसानं आजवर एक चूक शिळी केली नाही, त्याला आता सहा चुका आठवडाभर जपून ठेवायच्या होत्या. घरी येऊन गुरुजी ओट्यावर नुसते येरझाऱ्या घालत राहिले. चंद्रभागाबाईंनी विचारलं, त्यांनी सांगितलं. बाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "आवो, आठ दिवस गप ऱ्हायचं तर ऱ्हावा की. तुमाला काय कळा लागल्यात काय?" गुरुजी म्हणाले, "तसंच समज."

सुट्टीचे दिवस. निकाल राखला ही बातमी गावभर झालेली. पोरं ओट्याशी घुटमळायला लागली. सहांतला गजा आला, आंबे घेऊन. "गुर्जी, आमी काय वो कॉपी केली नाय. आमचं कुटं चुकलं?" गुरुजी म्हणाले, "मला माहीत आहे नाय केली ते. घरी जा." नागू आला, त्यालाही तेच. गुरुजी मग दार लोटून घरातच बसायला लागले. बाजाराला जायचे ते मागच्या वाटेनं. कुणाचा बाप भेटला तर बोलणं पावसावर आणि खतावर न्यायचे.

आणि एक दिवस जिजा आली. वरच्या वाडीतून उन्हातान्हात उतरून, पळसाच्या पानात करवंदं बांधून. ओट्याखाली उभी राहिली. "गुर्जी, त्या शेताच्या गनितात माजं चुकलं का?"

गुरुजींच्या जिभेवर शब्द आला होता. बाकीच्यांना त्यांनी टाळलं होतं, पण ही पोर उत्तर घ्यायला नाही, चूक कुठं झाली ते बघायला आली होती. गोल कुठं काढायचा एवढंच तिला विचारायचं होतं. तेवढंसुद्धा आपण दाखवू शकत नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला आणि तो तिच्यावर निघाला.

"आता काय विचारू नको. घरी जा म्हटलं ना!"

जिजानं करवंदं ओट्यावर ठेवली आणि वळली. गुरुजी तिच्यावर कधी खेकसले नव्हते. ती पाणंदीच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. चंद्रभागाबाई दारातून म्हणाल्या, "पोरीला पानी तरी ईच्यारायचं हुतं." 

ठरल्याप्रमाणं नाखरे साहेब आले. बरोबर दुसऱ्या शाळांचे मास्तर. एका पोराला शाळेच्या खोलीत बसवलं, एकाला चावडीत, गजाला मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, नागूला एका पडवीत, ठमीला गुरवाच्या अंगणात आणि जिजाला शाळेमागच्या आंब्याखाली. गावाला नुसता तमाशा. बायका धुणं टाकून उभ्या राहिल्या. गणित एकच: भाताच्या एका आयताकृती शेताची लांबी तीस मीटर, रुंदी वीस मीटर, तर क्षेत्रफळ किती? गुरुजींना साहेबांनी हेडगुरुजींच्या घरी बसवून ठेवलं होतं. तिथं ते पंख्यानं वारा घेत होते आणि घाम काही थांबत नव्हता.

कागद गोळा झाले. नाखरे एकेक उघडायला लागले आणि गुरुजी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"पाचशे एक्कावन्न," नाखरे म्हणाले. एकोणतीस गुणिले एकोणीस. बांध सुटला होता. दुसरा कागद, पाचशे एक्कावन्न. तिसरा, चौथा, पाचवा, सगळीकडं पाचशे एक्कावन्न. गुरुजींना इतका आनंद कधी झाला नव्हता. पोरं चुकली म्हणून मास्तराला हर्ष झालेला कोनवलीनं त्याच दिवशी पाहिला. हेडगुरुजींनी तर टाळी वाजवली.

नाखऱ्यांनी सहावा कागद उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सहाशे. कोण ही जिजा?"

तीस गुणिले वीस, सहाशे. अगदी बिनचूक.  जन्मात पहिल्यांदा गुरुजींना बरोबर उत्तराची भीती वाटली.

"ओव्हाळ, हिला सांगितलंत तुम्ही."

"नाही साहेब. माझ्या पोरांची शपथ."

"मग हिलाच येत होतं म्हणायचं. आणि कर्जतला हिनं उतरवलं म्हणायचं. दोन्हीपैकी एक."

"तिसरंही असेल," गुरुजी म्हणाले. "साहेब, एक काम करा. तुम्हीच विचारा तिला, कसं केलंस म्हणून. मी तोंड उघडणार नाही."

जिजाला आणलं. एवढी माणसं बघून ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली. नाखऱ्यांनी आवाज मऊ केला. "बाळ, कर्जतला साठ मीटरचं शेत होतं, तू एकोणसाठ धरलेस. आज तीसचे तीसच धरलेस. असं का?"

"तवा बांध सोडला हुता," जिजा म्हणाली.

"आणि आज?"

"आज नाय सोडला."

नाखरे पुढचा प्रश्न विचारायला निघाले. गुरुजींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, बोटानं खूण केली, थांबा. साहेब थांबले. गुरुजी वर्गात थांबायचे तसे थांबले. बराच वेळ गेल्यावर जिजा बोलायला लागली.

"आमच्या शाळंचा बांध अर्धा मीटर. आमी मोजलेला हाय. पन त्या गनितातलं शेत कोनाचं? कोनाचा बांध हातभर, कोनाचा दोन हात. वाडीवर तर बांधच नाय, उतारावर नाचनी. त्यांनी बांध सांगितलाच नाय, तर मी आपल्या मनानं कसा धरू? दिलं हाय तेवढंच धरायचं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कोनी नाय. गुर्जींना ईच्यारायला आले तर ते माज्यावरच खेकसले." तिनं गुरुजींकडं बघितलं आणि नजर खाली घातली. "गुर्जी चूक दावत नायत असं कवा होत नाय. मंग मला वाटलं, आपली आपनच शोधायची हाय. म्हनून शोधली."

 हेडगुरुजींनी उगाच टोपी काढून पुन्हा घातली. नाखऱ्यांनी जागेवरच लिहून दिलं की कॉपीचा संशय निराधार आहे, निकाल जाहीर करावा. गुरुजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ओव्हाळ, मुलं चांगली तयार केलीत."

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण निकाल यायचा होता.

निकाल आला. गजा पास. नागू पास, काठावर. बाकीचे तिघे पास. जिजा गणितात नापास, चार गुण कमी.

गुरुजींना आधी वाटलं लिहिण्यात चूक झाली असेल. मग उलगडा झाला. ते शेताचं गणित मोठं होतं, त्याला गुणही जास्त. बाकीच्यांनी भराभर बरंच काही लिहिलं होतं, थोडं बरोबर, थोडं चूक, त्यात त्यांचं भागून गेलं. जिजानं नेहमीसारखी मोजकीच गणितं सोडवली होती. त्यातलं एक गेलं आणि पोर बुडाली. गुरुजी पुन्हा नाखऱ्यांकडं धावले. "साहेब, तुमच्या समोर तिनं बरोबर सोडवलं! सहांत तिला एकटीलाच आलं. तीच नापास?"

नाखरे खरंच कष्टी झाले होते. "परवाचं गणित चौकशीसाठी होतं, ओव्हाळ. त्याला गुण नाहीत. गुण कर्जतच्या पेपराला. मी काय करू, सांगा?"

 गुरुजी परत फिरले आणि घरी न जाता सरळ वाडीची वाट धरली. चढ चढताना त्यांना दमही लागला आणि रडूही आलं. फळ्यावर शिकवलं असतं तर पोर आज पास झाली असती. शेत शिकवलं, पण शेत आणि गणितातलं शेत यांतला फरक शिकवायचा राहिला. ती चूक त्यांची होती, आणि एवढे गोल काढणाऱ्या माणसाला ती इतकी वर्षं दिसली नव्हती.

शुक्रा अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. जिजा आत चुलीशी होती. मुकादम आदल्याच दिवशी येऊन गेल्याचं गुरुजींना खाली गावातच कळलं होतं. वाडीतली माणसं गुरुजी आले म्हणून गोळा झाली. शुक्रानं घोंगडी टाकली, पण गुरुजी बसले नाहीत.

"शुक्रा, जिजा गणितात नापास झाली. पण तिचं चुकलं नाय. मी चुकीचं शिकवलं. सहाही पोरांना शिकवलं, बाकीची निभावली, ही बुडाली. हे मी तुला सगळ्यांसमोर सांगतो."

वाडीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. खालून वर आलेला कुणी शिकलेला माणूस आपली चूक सांगतो, हे त्यांना नवीन होतं. शुक्रानं कुऱ्हाड बाजूला ठेवली.  आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"गुर्जी," शुक्रा म्हणाला, "तिला गनित येतं का नाय येत?"

"येतं. सगळ्यांत चांगलं तिलाच येतं."

"मंग नापास कोन म्हनतो?"

"परीक्षेचा निकाल म्हणतो."

"त्याला मी वळकत नाय," शुक्रा म्हणाला. "मी बोल दिला तो तुमाला. पास झाली तर शिकंल, नापास झाली तर माझ्यासंगं येईल, असं तुमाला सांगितलं. आता तुमी सांगा. पोर माझी पास का नापास?"

 आयुष्यभर गुरुजींनी कुणाला फुकटचा एक गुण दिला नव्हता. पाटलाच्या पोराला नाही, स्वतःच्या पोराला नाही. त्यांनी मनाशी सगळं पुन्हा तपासलं, वरून खाली. कुठं गोल काढायला जागा आहे का बघितलं.

"पास," ते म्हणाले. "पण पुढच्या शाळेत घालायला तो निकाल लागतो, शुक्रा. तेवढ्यासाठी तिला आणखी एक वरीस माझ्याकडं बसावं लागंल."

"मंग बसंल," शुक्रा म्हणाला आणि दाराकडं तोंड करून ओरडला, "जिजा, गुर्जींना पानी आन गं."

जिजा तांब्या घेऊन बाहेर आली. गुरुजींनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि मघाशी टाकलेल्या घोंगडीवर बसून ते पाणी प्याले.